बारा फुटांची खोली कागदावर साडेआठ फूट कशी?

पिरनवाडीकर
नमस्कार मंडळी. बेळगावात खानापूर रोडला ३०×४० फुटांची साइट, म्हणजे प्लॉट, घेऊन चार वर्षं झाली, आता पाऊस उघडला की काम काढायचं ठरलंय. इंजिनिअरनं व्हॉट्सअ‍ॅपवर नकाशाची पीडीएफ पाठवली, ती मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणली. खाली स्केल १:१०० लिहिलंय. कागदावर १ सेंटिमीटर म्हणजे जागेवर १ मीटर, एवढं कळतं. मागच्या बेडरूमची लांबी १२ फूट लिहिलीय. सहज पट्टी लावली तर भरली २६ मिमी. म्हणजे २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फूट! साडेतीन फूट गेले कुठं?
दुसरं, हॉलच्या मधोमध तुटक रेघांचा एक लांबट पट्टा आहे. बाबा म्हणतात ती भिंत, मी म्हणतो गटार, बायको म्हणते दोघांनी गप्प बसा. तिसरं, एका नकाशात जिन्याजवळच्या कॉलमचा, म्हणजे खांबाचा, लांबट चौकोन उभा दिसतोय, दुसऱ्यात तोच आडवा. मेस्त्री म्हणतो, "तुम्ही सांगाल तसा मारतो." मी काय सांगू?
लाज वाटते सांगायला, पण मी उद्यमबागेत कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. रोज ड्रॉइंग वाचून जॉब (सुटे भाग) काढतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. आणि स्वतःच्या घराचा नकाशा हातात आल्यावर अंगठेबहाद्दर.

चोर्ला_घाट
उद्यमबागेत जॉबच्या ड्रॉइंगवर पट्टी लावून टर्निंग करता काय हो?

पिरनवाडीकर
@चोर्ला_घाट, वर्मावर बोट. तिथं पट्टी लावली तर सुपरवायझर हात तोडेल. लिहिलेला आकडा घ्यायचा, एवढंच. घरी आल्यावर अक्कल गेटबाहेर ठेवून आलो बहुतेक.

जुना_ओव्हरसिअर
तुमच्या कोड्याचं उत्तर झेरॉक्सवाल्याकडे आहे. नकाशा ए-३ कागदासाठी काढलेला असणार आणि त्यानं तो ए-४ वर बसवला. ए-३ म्हणजे २९७×४२० मिमी, ए-४ म्हणजे २१०×२९७. क्षेत्रफळ निम्मं होतं, पण लांबी निम्मी होत नाही, ०.७०७ पट होते. १२ फुटांचं ०.७०७ पट करा, साडेआठ येतील. खोली आहे तेवढीच आहे. कागद लहान झाला, आणि कोपऱ्यात छापलेलं ‘१:१००’ मात्र तसंच राहिलं. तुमच्या हातातला कागद आता साधारण १:१४१ चा आहे.
म्हणून पट्टी लावायचीच असेल तर आधी पट्टीची परीक्षा घ्यायची. नकाशावर आकडा लिहिलेली एक मोठी लांबी शोधा, साइटची ४० फुटांची बाजू घ्या. ४० फूट म्हणजे १२.१९ मीटर, १:१०० ला ती १२१.९ मिमी भरली पाहिजे. तुमच्या कागदावर ८६ च्या आसपास भरेल. भरली तर समजा कागद खोटा बोलतोय. काही नकाशांवर खाली काळ्यापांढऱ्या चौकटींची छोटी पट्टी काढलेली असते, ०-१-२-५ मीटर अशी. ती कागदाबरोबरच लहानमोठी होते, त्यामुळे झेरॉक्स कितीही झाली तरी ती खरी राहते. ‘१:१००’ या अक्षरांना ते जमत नाही.
जुन्या मंडळींसाठी जाता जाता: आमच्या काळी १ इंचाला ८ फूट असं स्केल असायचं. ते १:९६ होतं, १:१०० नव्हे. घरात वडिलांच्या वेळचा नकाशा असेल आणि नव्याशी ताडून बघत असाल तर हा शंभरात चाराचा फरक ध्यानात ठेवा. ४० फुटांत तो दीड फुटाच्या वर जातो.

वडगावची_काकू
तुटक रेघांचं मी सांगते, कारण त्यापायी आमच्या घरात महिनाभर अबोला होता.
नकाशा म्हणजे घर छातीच्या उंचीवर आडवं कापायचं, वरचा भाग उचलून बाजूला ठेवायचा आणि वरून आत बघायचं. भोपळा आडवा चिरल्यावर बिया दिसतात तसं. जे कापलं गेलं ते जाड रेघेनं: भिंती, कॉलम. जे खाली दिसतंय ते बारीक रेघेनं: ओटा, पायऱ्या, कमोड. आणि जे कापलेल्या पातळीच्या वर राहिलं ते तुटक रेघेनं: बीम, माळा, छज्जा, वरचा झरोका. हॉलमधला तुमचा पट्टा म्हणजे डोक्यावरची बीम. भिंत पण नाही आणि गटार तर नाहीच नाही.
आमच्या ह्यांना तो पट्टा देवघर वाटला होता. वास्तुशांतीच्या आधी देव्हारा कुठं ठेवायचा म्हणून जागा शोधत हिंडले बिचारे.

पिरनवाडीकर
😂 काकू, आजच बाबांना वाचून दाखवतो. म्हणजे बायकोच बरोबर होती, दोघांनी गप्प बसायला हवं होतं.

सूत_आणि_ओळंबा
मी गवंडी हाय, निपाणीकडचा. लिवायला पोराला बसवलंय, मी सांगतोय, त्यो टाइप करतोय.
समद्यात आदी एक काम करा. नकाशा बाजूला ठेवा आनि साइटवर जावा टेप घिऊन. ३०×४० ला देवानंच गुण्या दिलाय, म्हंजे काटकोन तपासायचं माप. तीन-चार-पाच. ३० आनि ४० बरोबर असंल आनि कोपरा काटकोनात असंल तर कर्ण बरोब्बर ५० फूट भरतो. दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ५० आलं तर साइट सरळ. एक कमी आनि एक जास्त आलं तर साइट तिरकी हाय, आनि नकाशात मात्र सरळ काढलेली असती, कारन कम्प्युटरवर चौकोन ओढायला काय लागतंय?
दुसरं, नकाशात मिलिमीटर असतंय, आमच्या डोक्यात सूत. एका इंचात आठ सूत. सळी मागताना आमी म्हनतो अडीच सुती, तीन सुती, चार सुती, पाच सुती. कागदावर लिवलेलं असतंय ८, १०, १२, १६. अडीच म्हंजे ८, तीन म्हंजे १०, चार म्हंजे १२, पाच म्हंजे १६. हितं लई घोटाळा हुतोय. नवा पोरगा ‘१२’ बगतो आनि तीन सुती उचलतो, कारन ढिगात जवळ ती पडलेली. दुकानदाराच्या पावतीवर बी मिलिमीटरच लिवून घ्या. सूत तोंडी ठेवा, कागदावर नको.

जुना_ओव्हरसिअर
मेस्त्री, लाख बोललात. त्यात इंजिनिअरच्या अंगानं एक भर: चार सूत म्हणजे खरं तर १२.७ मिमी, बाजारात सळी १२ ची. पाच सूत म्हणजे १५.९, सळी १६ ची. नावं जुनी, माल नवा. म्हणून वजनाचा हिशेब सुतावर करू नये, व्यासाचा वर्ग भागिले १६२ असा करावा. १२ ची सळी मीटरला ०.८९ किलो येते, १६ ची १.५८. गाडी खाली करताना एक सळी तोलून बघितली की दुकानदारही जरा सरळ बसतो.

अथणीवाला
मंजुरीची प्रत आणि सोबतचे कागद कन्नडात असणार, त्याचं काय? आमच्याकडे त्यावरून गंमत झाली होती. ‘अडि’ म्हणजे फूट, ‘चदर अडि’ म्हणजे चौरस फूट. हे काकांनी पाठ केलं. पुढं एका खोलीवर ‘अडिगे मने’ दिसल्यावर म्हणाले, "एक फुटाचं घर?" ते स्वयंपाकघर होतं. ‘कोणे’ म्हणजे खोली, कोपरा नव्हे. ‘मलगुव कोणे’ बेडरूम. ‘बागिलु’ दार, ‘किटकि’ खिडकी, ‘मेट्टिलु’ पायऱ्या. ‘नेल महडी’ तळमजला, ‘मोदलने महडी’ पहिला मजला. ‘महडी’ ऐकलं की आपली माडी आठवते, विसरायला होत नाही. खरेदीखतात ‘चक्कुबंदि’ दिसेल, ती आपली चतुःसीमा. त्यातल्या चारी दिशा नकाशावरच्या उत्तरेच्या बाणाशी ताडून बघा. दिशांची नावं तीच आहेत, भिण्याचं कारण नाही.

चोर्ला_घाट
आता इथून गाडी कुठल्या वळणावर जाणार ते दिसतंय. भाषेचा विषय काढणाऱ्यांना नम्र विनंती, त्यासाठी दुसरे ढीगभर धागे आहेत. इथं सळ्या मोजू.

एम_पंचवीस
स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, बेळगावातच. कॉलमच्या प्रश्नावर कुणीच बोललं नाही, आणि सगळ्यांत महाग चूक तीच ठरेल, म्हणून सविस्तर लिहितो.
धागाकर्ते, तुमच्या वर्णनावरून तुमच्या हातात दोन वेगळ्या जातीचे कागद आहेत. एक मंजुरीचा नकाशा. तो कार्यालयासाठी असतो: साइट केवढी, चारी बाजूंना मोकळी जागा किती सोडली, बांधकाम किती, खोल्या कुठं. त्यात कॉलम अंदाजानं दाखवतात, कधी दाखवतही नाहीत. दुसरा स्ट्रक्चरल नकाशा, त्यात कॉलम नेमका कुठं आणि कोणत्या तोंडानं उभा आहे ते ठरवलेलं असतं. मंजुरीच्या कागदावर घर बांधायचं नसतं, हे कुणी सांगत नाही आणि अर्धं बेळगाव त्यावरच बांधतं. इंजिनिअरकडे कामाचे नकाशे मागा: सेंटरलाइन (भिंती-कॉलमच्या मध्यरेषा), फुटिंग (कॉलमचा पाया), कॉलम, जोत्याची बीम, स्लॅब, जिना. आणि प्रत्येक कागदावर ‘गुड फॉर कन्स्ट्रक्शन’चा शिक्का आणि तारीख बघा. कोपऱ्यात आर-०, आर-१, आर-२ असं असतं, ती सुधारणांची गणती. साइटवर आर-० भिंतीला चिकटवलेला आणि इंजिनिअरच्या लॅपटॉपमध्ये आर-३, हे मी स्वतः बघितलंय.
आता कॉलम. समजा लिहिलंय सी-१, २३०×४५०. ९ इंच बाय १८ इंच. या नुसत्या आकड्यांवरून कॉलम कुठं तोंड करून उभा आहे ते कळत नाही, ते कॉलमच्या नकाशातल्या चित्रावरून कळतं. १८ इंचांची बाजू कुठल्या दिशेला ठेवायची हे बीम किती लांब आहेत आणि भार कुठून येतोय त्यावर ठरतं. फिरवला तर त्या दिशेची त्याची ताकद कमी होते. शिवाय ९ इंची भिंतीत ९ इंचांची बाजू लपते, १८ ची खोलीत बाहेर येते. म्हणून घरमालक म्हणतात "फिरवा की जरा". फिरवायचा असेल तर मला फोन करा, मेस्त्रीला नको.
‘४-१६ + ४-१२’ म्हणजे कोपऱ्यांत १६ मिमीच्या चार सळ्या, मधे १२ च्या चार. ‘८ @ १५०’ म्हणजे ८ मिमीच्या रिंगा (उभ्या सळ्यांभोवतीच्या कड्या) दर १५० मिमीवर. हा १५० एका रिंगेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत मोजायचा, मधली मोकळी जागा नव्हे. कव्हर म्हणजे सळीच्या बाहेरचं काँक्रीट: आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे फुटिंगला कमीत कमी ५० मिमी, कॉलमला साधारणपणे ४०. मागच्या भिंतीला टेकवून सळ्या उभ्या केल्या की तिथलं कव्हर शून्य. खानापूरकडच्या पावसात अशा कॉलमचं आयुष्य किती ते मोजायला नकाशा लागत नाही.
आणि छज्जा. आपल्याकडे पाऊस आडवा मारतो म्हणून लोक दोन-अडीच फुटांचे छज्जे मागतात. छज्ज्याची मुख्य सळी वरच्या बाजूला असते. स्लॅबची मधे खाली असते, त्या सवयीनं कारागीर छज्ज्यातही ती खालीच टाकून देतात. नकाशात हे वरून बघून कळत नाही. त्यासाठी छेद बघायचा, ए-ए लिहिलेला. प्लॅनवर ए-ए च्या रेघेला दोन बाण असतात, बाण ज्या दिशेला तिकडं तोंड करून आपण उभे आहोत असं धरायचं. बाण उलटा वाचला की जिना डावीकडचा उजवीकडे जातो.

सूत_आणि_ओळंबा
छज्ज्याचं म्हनलासा ते शंभर टक्के. एका कामावर सेंट्रिंग, म्हंजे खालचं टेकू, सोडल्यावर छज्जा जागच्या जागी लवला. वरची सळी वर बांधलीवती, पन काँक्रीट टाकताना गडी तिच्यावर हुबा ऱ्हायला आनि ती खाली दबली. नकाशा बरोबर, बांधनी बरोबर, गड्याचा पाय चुकला. तवापासनं छज्ज्याच्या वरच्या सळीखाली खुर्च्या देतो. खुर्ची म्हंजे सळीची घोडी, बसायची न्हवं.

वडगावची_काकू
मला राहवत नाही म्हणून सांगते. दाराची ती पाव वर्तुळाची रेघ आहे ना, ती नुसती नक्षी नसते. दार कुठल्या बाजूला आणि कुठवर उघडतं ते त्यात असतं. आमच्या स्वयंपाकघराचं दार उघडलं की फ्रिज उघडत नाही आणि फ्रिज उघडला की दार. सगळ्या खोल्यांचे बटणांचे बोर्ड दारामागं. नकाशा तीन महिने टेबलावर होता, त्यावर चहाचे डाग आहेत, पण ते पाव वर्तुळ कुणी बघितलं नाही. फ्रिज, कपाट, पलंग, शिलाई मशीन यांची मापं टेपनं घ्या, त्याच स्केलला पुठ्ठ्याचे तुकडे कापा आणि नकाशावर सरकवून बघा. ए-४ झेरॉक्सवर नव्हे!!

पिरनवाडीकर
एम_पंचवीस, सूत_आणि_ओळंबा, तुमच्यामुळं निम्मा नकाशा उजेडात आला. कामाचे नकाशे मागवले. कॉलम आडवा, स्ट्रक्चरल नकाशाप्रमाणे. मेस्त्रीला तो कागद प्लास्टिकमध्ये घालून दिला.
आता नवीन शंका. लिहिलेल्या १२ फुटांतून प्लास्टर वजा होतं का? आणि जिना: खालून वर १६ पायऱ्यांची उंची दाखवलीय. मजल्याची उंची १० फूट. आईचे गुडघे दुखतात, म्हणून विचारतोय.

जुना_ओव्हरसिअर
प्लास्टर वजा होतं. खोलीचा आकडा बहुधा विटेपासून विटेपर्यंत असतो. आतलं प्लास्टर १२ मिमीच्या आसपास धरलं तर दोन भिंतींचं मिळून एक इंच गेलं. कपाट बनवणाऱ्याला नकाशातलं माप देऊ नका, प्लास्टर झाल्यावर टेप लावून द्या. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत करणार असाल तर चिरा कुठल्या बाजूनं लावणार आणि भिंत किती जाड होणार ते मेस्त्रीकडून आधी काढून घ्या आणि इंजिनिअरला सांगा. नकाशात ९ इंच धरून जागेवर जास्त जाड झाली की फरक प्रत्येक खोलीत दिसतो.
जिना. १० फूट म्हणजे १२० इंच, भागिले १६, म्हणजे पायरीची उंची साडेसात इंच. धडधाकट माणसाला चालेल, आईला नाही. ६ इंच करायची तर २० पायऱ्या हव्यात. वळणाचा जिना असेल तर एका बाजूला ८ च्या जागी १० चढ (पायरीच्या उभ्या उंच्या). आठ चढांत ७ पावठे (पाय ठेवायच्या आडव्या जागा), दहांत ९, कारण शेवटचा पावठा म्हणजे लँडिंग किंवा मजलाच. पावठा १० इंचांचा धरला तर जिना २० इंच लांब झाला. ते २० इंच कुठून आणणार? मधला मार्ग १८ पायऱ्या: उंची पावणेसात इंचांना किंचित कमी, आणि जिना १० इंचच वाढतो.
हा हिशेब स्वतः करा आणि मग जिन्याचा नकाशा बघा. त्यात मधेच एक नागमोडी रेघ असते आणि वरच्या पायऱ्या गायब असतात. त्या गायब नसतात, कापलेल्या पातळीच्या वर गेलेल्या असतात. काकूंचा भोपळा.

एम_पंचवीस
आणि पातळ्या बघा. नकाशात त्रिकोणी खुणेजवळ +०.०० आणि +६०० (शून्यापासून ६०० मिमी वर) असं काहीतरी असेल. शून्य कुठलं धरलंय ते आधी विचारा. रस्त्याचा मध्य, रस्त्याची कड की साइटची जमीन? दर डांबरीकरणाला रस्ता वर चढतो, जोतं तिथंच राहतं. मग पावसाळ्यात पोर्चमध्ये कागदी होड्या.

पिरनवाडीकर
आठवड्यानं येतोय, उशिराबद्दल माफी.
जिना १८ पायऱ्यांचा झाला, १० इंच पॅसेजमधून काढले. आर-२ आला, आर-१ मी स्वतः फाडला.
रविवारी फक्की मारायच्या (चुन्यानं आखणी करायच्या) आधी सूत_आणि_ओळंबांचं ऐकून कर्ण मोजले. चारी बाजू ३०-४०-३०-४० बरोबर. एक कर्ण ४९ फूट ८ इंच, दुसरा ५० फूट ४ इंच. तीनदा मोजले. शेवटी शेजाऱ्याला टेपचं दुसरं टोक धरायला लावलं, तेव्हाही तेच.

सूत_आणि_ओळंबा
म्हंजे बाजू बरोबर, पन साइट एका अंगाला कललीय. समांतर चौकोन. ४० फुटांत साडेसहा इंचांहून जरा जास्त कल.
आता ध्यान दिऊन वाचा. घर साइटच्या वाकड्या कडंला समांतर घालू न्हका, न्हाईतर घराचा एक बी कोपरा काटकोनात येनार न्हाई आनि फरशी बसवताना रडाल. रस्त्याची बाजू धरा, तिथनं गुण्या लावा, घर सरळ काढा. मग मागं जाताना एका बाजूची मोकळी जागा कमी हुईत जाईल, दुसऱ्या बाजूची वाढंल. जितं सगळ्यात अरुंद हाय तितं नकाशात लिवलेली मोकळी जागा भरली पायजे. भरत नसंल तर समदं घर सरकवायचं, नुसती भिंत न्हवं.

एम_पंचवीस
मेस्त्री बरोबर आहेत. फक्त सरकवण्याआधी इंजिनिअरला दोन्ही कर्ण लिहून पाठवा. तो खरा आकार काढून सेंटरलाइन पुन्हा देईल. कॉलमचं एकमेकांपासूनचं अंतर मात्र तेच ठेवा, स्लॅबच्या सळ्या त्यावर ठरल्यात.

पिरनवाडीकर
पाठवले. तीन इंच पूर्वेला सरकायचं ठरलं. पूर्वेच्या शेजाऱ्याचं कुंपण त्या तीन इंचांत येतंय का, ते बघायला उद्या त्यांच्या घरी जातोय. बाबा म्हणतात, जाताना कुंदा घेऊन जा.

चोर्ला_घाट
कुंद्याचं वजन व्यासाच्या वर्गाला १६२ नं भागून काढा.